सातव्या पानावरचं ठिगळ

नगर, १४ जानेवारी २०२५

पंकजा,

चि. लिहायला हात उठला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस. माझ्याकडून आज ती अपेक्षा ठेवू नकोस.

तुझा फोन नंबर बदलला आहे आणि नवा मला कोणी देत नाही. वसतिगृहाच्या ऑफिसात कल्याणसरांकडे तुझा जर्मनीचा पत्ता होता, तो मागून घेतला. काय काम आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अभिनंदन करायचं आहे. सहासष्टाव्या वर्षी ऑफिसात उभं राहून खोटं बोलले, तेही तुझ्यापायी.

काल कल्याणसरांनीच मला मोबाईलवर तुझी मुलाखत दाखवली. मुंबईत तुझा कार्यक्रम झाला, सभागृह भरलं होतं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे त्यांनी आधी सांगितलं. मी मूर्खासारखी डोळे पुसायला पदर हातात घेऊनच बसले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलगी, नगरच्या वसतिगृहात वाढलेली, तिला पियानो शिकवला कोणी? आणि तू शांतपणे म्हणालीस, "नगरमध्ये शिकवणारं कोणी नव्हतं. वसतिगृहाच्या चर्चमध्ये एक जुना पियानो होता आणि मी होते."

कल्याणसर घाईने मोबाईल बंद करायला गेले. मी म्हटलं, परत लावा. तीनदा ऐकलं. दर वेळी तू तेच म्हणालीस.

पियानो होता आणि तू होतीस. मग मी कोण होते गं? उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून पियानोखाली पाण्याची परात ठेवतो, ती होते का?

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा तुझा बाप बजरंग तुला दारात सोडून टोळीबरोबर गेला. आधीच्या हंगामात तू आईबरोबर उसात होतीस. बोटांना पात्यांनी चिरा पडलेल्या होत्या. रोज संध्याकाळी त्या चिरांत कोकमाचं तेल मी भरलं. पहिले चार महिने तुला पियानोला हात लावू दिला नाही, चर्चच्या बाकावर खडूने पट्ट्या काढून त्याच्यावर बोटं चालवायला लावली. बाकीच्या पोरी हसायच्या. तू हसली नाहीस, म्हणून पाचव्या महिन्यात झाकण उघडलं. नऊ वर्षं रोज दोन तास. माझी आई गेली त्या दिवशीही तुझा तास झाला, फक्त तासभर उशिरा. हे तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते आहे.

मला तुझ्याकडून काही नको. एकच कर. त्या मुलाखतवाल्या बाईंना कळव, की शिकवणारी होती. नाव सांग, सत्यशीला भिंगारदिवे. चाळीस वर्षं मी त्या वसतिगृहात पियानो शिकवला आणि त्या चाळीस वर्षांत एकच पोरगी निघाली. तिने मला पुसून टाकलं तर मी केलं काय इतकी वर्षं, एवढं तरी मला सांग.

सत्यशीलाबाई

•

नगर, ३ फेब्रुवारी २०२५

पंकजा,

वीस दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं आहे हे मला माहीत आहे, स्पीडपोस्टच्या पावतीवरचा नंबर घालून कल्याणसरांनी संगणकावर बघितलं. सही तुझीच आहे.

आता त्यांनी मुंबईचा पूर्ण कार्यक्रम माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. कानात घालायच्या वायरीही दिल्या. त्यामुळे आज मुलाखतीबद्दल बोलत नाही, वाजवण्याबद्दल बोलते. तो माझा अधिकार आहे, तू मान किंवा नको मानूस.

शेवटी तू ते बॅलड घेतलंस. क्षयाने खंगलेल्या त्या पोलिश संगीतकाराची ती लांबलचक रचना, एफ मायनरमधली. माझ्या गुरू मिस एडिथ सांगायच्या, या बारा मिनिटांत माणसाला लपायला जागा मिळत नाही. सुरुवात तू चांगली केलीस. शेजारच्या खोलीत कोणीतरी आधीपासूनच वाजवत होतं आणि आत्ता दार उघडलं, अशी. दार उघडायचं, ठोठावायचं नाही, हे माझे शब्द. मूळ चाल तीनदा येते आणि दर वेळी तिच्या डोक्यावर जास्त ओझं असतं, पण पाय तोच पडायला हवा. तुझा पडला. पुढे एकाच हातात दोन बायका एकमेकींशी बोलतात, तिथे दोघींचा आवाज वेगळा ऐकू आला. माझ्या हातून ते कधी झालं नाही. डाव्या हाताला एवढी ताकद कुठून आली तुझ्या? इथून गेलीस तेव्हा नव्हती. त्या जागी मी श्वास घ्यायचा विसरले, हे कबूल करते. कबूल करायला मला त्रास झाला, हेही लिहून ठेवते.

मग सातवं पान आलं.

सगळा कल्लोळ चढत जातो, आणि शेवटच्या वादळाआधी पाच शांत सूर येतात, दुरून आल्यासारखे. त्या पाच सुरांच्या आधीच्या दोन ओळी तू बदलल्यास. आपल्या स्वरलिपीच्या पुस्तकात तिथे सगळं थांबतं. दोन्ही हात जवळ येतात आणि एक साधी, छोटी चाल वाजते. तू थांबलीच नाहीस. दोन्ही हात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले. लोकांना काय, वेगाने हात पळाले की टाळ्या. कोणाला विचारून बदललंस? तिकडच्या प्रोफेसरांनी सांगितलं का, की गावाकडचं शिक्षण टाकून दे?

पुस्तकात आहे तसं वाजवायचं, हा माझा पहिला नियम होता. दुसरा, दुसऱ्या कोणाचं वाजवणं ऐकायचं नाही, ना कॅसेट ना मोबाईल. ऑफिसातल्या संगणकावर ते बॅलड शोधताना तुला एकदा पकडलं होतं आणि पंधरा दिवस तास बंद केला होता. त्यामुळेच तुझं वाजवणं उसनं झालं नाही. आज तू दोन्ही नियम मोडलेस, हे मला दोन ओळींत कळलं.

उत्तर दे.

सत्यशीलाबाई

•

नगर, २३ मार्च २०२५

पंकजा,

आज तुझी आई आली होती.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी परत आली. कडूबाई गावी जायच्या आधी वसतिगृहावर आली, हातात गुळाची ढेप. मुलगी जर्मनीत, तरी बाईने कोयता सोडलेला नाही. मी म्हटलं, कडूबाई, आता तरी बसा घरी. म्हणाली, "बसून काय करू बाई, हात दुखत्यात."

आम्ही चर्चच्या पायरीवर बसलो. दर उन्हाळ्यात तुला न्यायला यायची तेव्हा ती तिथेच बसायची आणि तुझा तास संपेपर्यंत ऐकायची, आठवतं ना? मी तिला मोबाईलवर मुंबईचा कार्यक्रम लावून दिला. एक वायर तिच्या कानात, एक माझ्या. तिला ते बॅलड म्हणजे काय हे माहीत नाही, पण तिने ते आपल्या पायरीवर बसून किमान पन्नास वेळा ऐकलेलं आहे. बारा मिनिटं हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "पानी प्यायचं कुठं गेलं?"

मी म्हटलं, कसलं पाणी?

"न्हाई का, समदं लई पळत असतंय, आन मधीच कुनीतरी बांधावर बसून पानी पितंय. मंग पुन्हा पळतंय. ते आलंच न्हाई ह्याच्यात. आता पानी प्यायला कुनी बसतच न्हाई."

पंकजा, तुझ्या आईला अक्षरओळख नाही. तिला सातवं पान कळलं. माझा राग अजून भरलेलाच होता, मी म्हटलं, तुमच्या मुलीने ते काढून टाकलं. गुरूने शिकवलेलं काढलं आणि गुरूलाही काढलं, शिकवणारं कोणी नव्हतं असं जगाला सांगत सुटली आहे.

कडूबाईने कानातली वायर काढून माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमी पोरीला खोटं का सांगितलं हुतं?"

आणि मग तिने सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते, कारण मला ते लिहूनच खरं वाटेल.

"मुंबईला शिष्यवृत्तीची परीक्षा हुती ना, अठरा वरसांची हुती तवा. तिघं जन बसले हुते म्हनं. हिनं वाजिवलं. त्या जागंवर आली तसं ते एकमेकांकडं बघाया लागले. एक हासला. म्हनले, पुन्हा वाजिव. हिनं पुन्हा तसंच वाजिवलं. मंग त्यांनी त्यांचं पुस्तक म्होरं ठिवलं. म्हनले, हे कुठून आनलंस? ही म्हनली, आमच्या पुस्तकात हाय, जुन्या मिसबाईंच्या हातचं हाय. ते म्हनले, असं कुठंच नसतंय. कोन शिकीवतं तुला? तवा म्हनली, कुनी न्हाई. माझी मीच शिकले. तवापसून ती कुनी न्हाई असंच म्हनतीया."

मी म्हटलं, माझं नाव का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तुमाला हासले असते का न्हाई? मुंबईत परवा त्येच लोकं म्होरं बसले हुते म्हनं. मला म्हनली, आये, बाईंना कळू देऊ नको, त्या जीव देतील."

मग म्हणाली, "शिष्यवृत्ती गेली, ते वरीस ती आमच्यासंगंच हुती. संगमनेरच्या अंगाला हुतो आमी. सहा महिने ऊस तोडला तिनं, मंग पुन्हा परीक्षेला बसली तवा घेतली तिला."

मला वाटत होतं तू मुंबईत आहेस. मोठ्या लोकांत रमलीस, एक पत्र टाकायला वेळ नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. ख्रिसमसला पोरींसमोर सांगितलं. आणि तू संगमनेरला कोयता धरून उसात होतीस, त्या हातांनी.

तुझा डावा हात ऊस धरून धरून मजबूत झाला, ते आता मला कळलं.

तू मला का सांगितलं नाहीस? मी काय काचेची होते? मला जपायचं तुला कोणी सांगितलं होतं? मी चिडले आहे, पंकजा. आधी होते त्यापेक्षा जास्त.

सत्यशीलाबाई

•

नगर, २६ मार्च २०२५

पंकजा,

परवाचं पत्र अजून पोस्टात टाकलेलं नाही, हे त्याच्याबरोबरच जाईल. त्यात मी शेवटी पुन्हा तुझ्यावरच ओरडले आहे. खोटं कोणी सांगितलं, हे कडूबाईने विचारलं होतं आणि मी ते ऐकूच आलं नाही असं केलं.

ते पुस्तक मिस एडिथ चौऱ्याऐंशी साली मायदेशी परत जाताना मला देऊन गेल्या. म्हणाल्या, सत्या, हे बॅलड तू एक दिवस लोकांसमोर वाजवशील. दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं आणि त्यात एकच प्रश्न असायचा, वाजवतेस ना? मी दर वर्षी लिहायचे, हो, छान चाललं आहे. ते खरं नव्हतं. माझा हात लहान आहे. आठ पट्ट्यांच्या पुढे जात नाही, ओढून धरला तर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. सातव्या पानावर तर मी दर वेळी थांबायचे.

अठ्ठ्याण्णव साली चर्चच्या कपाटाला वाळवी लागली. बाकीची पुस्तकं वाचली, याच्या सातव्या पानाचा तळाचा तुकडा गेला. दोन ओळी, पूर्ण. मुंबईला एखाद्या दुकानात पोस्टकार्ड टाकलं असतं तर आठ दिवसांत नवं पुस्तक आलं असतं. मी टाकलं नाही. मिसचं पुस्तक माझ्या ताब्यात असताना वाळवीने खाल्लं, हे कोणाला कळू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की ज्या दोन ओळी मला कधीच येणार नव्हत्या, त्याच नेमक्या गेल्या होत्या. मला बरं वाटलं, पंकजा. वाळवीचे आभार मानायचे तेवढे बाकी ठेवले.

त्या जागी मी माझ्या हाताला पेलेल अशी चाल लिहिली. काळ्या शाईने, टाकाने, छापल्यासारखी. मैद्याची खळ करून तो तुकडा आतून चिकटवला. दार लावून वाजवून बघितलं. पहिल्यांदाच मी सातवं पान न थांबता ओलांडलं, आणि चर्चमध्ये एकटीच रडले. सगळ्या आयुष्यात मी एवढंच रचलं आहे, दोन ओळी.

तू चौदा वर्षांची असताना त्यावर बोट ठेवून विचारलंस, बाई, हे शाईचं का? मी म्हटलं, मिसच्या हातचं आहे. किती सहज बोलून गेले. तेव्हाच सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि आपण दोघींनी मिळून नवं पुस्तक मागवलं असतं. पण त्याआधी महिनाभर तू ते वाजवत होतीस आणि तुझ्या हातून माझी चाल ऐकायची मला चटक लागली होती. तुझा हात मोठा होता, तू त्या दोन ओळींतून काय काय काढायचीस. म्हणून संगणक बंद, कॅसेट बंद, पंधरा दिवस तास बंद. तुझं वाजवणं उसनं होऊ नये म्हणून नाही. मी पकडले जाऊ नये म्हणून.

आणि पकडली गेलीस तू.

माझं नाव कुठेही सांगू नकोस. पहिल्या पत्रातली मागणी मी परत घेते. पण मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की माणूस मोकळा होतो, आणि मला एवढ्यात मोकळं व्हायचं नाही.

सत्यशीला

•

नगर, १२ एप्रिल २०२५

पंकजा,

तुझा निरोप कल्याणसरांनी दिला. सत्तावीस तारखेला तू येणार, वसतिगृहाच्या चर्चमध्ये पोरींसाठी वाजवणार. जुनं पुस्तक काढून ठेवायचं आणि पानं उलटायला बाईंनी बसायचं. दोन पानी कबुलीला एवढं एका ओळीचं उत्तर, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

तुला ते बॅलड पाठ आहे. पुस्तक लागत नाही, पानं उलटणारं कोणी लागत नाही. मला शेजारी बसवून काय करणार आहेस ते मला कळतं, मी मूर्ख नाही. मी येणार नाही.

सूर लावायला पियानोवाल्याला पुण्याहून बोलावलं आहे. परात ठेवली आहे.

सत्यशीलाबाई

•

नगर, २९ एप्रिल २०२५

चि. पंकजा,

तू काल पहाटे गेलीस. समोर असताना मला बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या आधी ते जर्मनीला पोचणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी यायची नव्हते. आले ती तुझ्या तोंडावर चार शब्द बोलायला आले. पोरी सतरंजीवर बसल्या होत्या, मागे टोळीवरून परत आलेले आईबाप, खिडकीपाशी चर्चचे पंच. पानं उडू नयेत म्हणून पंखे बंद. एक्केचाळीस डिग्रीत सगळे घामाने निथळत होते आणि कोणी हलत नव्हतं. तू उठलीस, डाव्या बाजूला स्टूल ठेवलंस आणि म्हणालीस, "बसा, बाई." आठ वर्षांनी एवढंच. तुझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली, कोयत्याची. मुंबईच्या व्हिडिओत ती दिसत नाही. मी बसले.

आपला पियानो जड आहे, मधल्या पट्ट्या दाबून परत वर यायला वेळ घेतात. मुंबईच्या त्या मोठ्या पियानोवर तू जे वाजवलंस ते इथे कसं होणार, याची मला काळजी होती. तू त्याच्याशी भांडली नाहीस. जी पट्टी उशिरा उठते तिची वाट बघितलीस, आणि त्या वाट बघण्यात चाल आणखी दुखरी झाली. मूळ चाल तिसऱ्यांदा आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरींची तोंडं उघडी होती. मी पानं उलटत होते आणि मोजत होते. पाचवं उलटलं. सहावं उलटलं. कल्लोळ चढत गेला, जमिनीचं लाकूड थरथरत होतं, परातीतलं पाणी हलताना मला दिसत होतं.

आणि सातव्या पानाच्या तळाशी येऊन तू हात उचललेस.

पेडलही सोडलंस. आवाज विरून गेला. तू त्या ठिगळावर बोट ठेवलंस आणि चौदाव्या वर्षीच्या त्याच आवाजात विचारलंस, "बाई, हे शाईचं का?"

एवढ्या लोकांत, पंकजा. ज्या पोरींना मी रोज नियम शिकवते त्यांच्यासमोर, पंचांसमोर. माणसाला असं उभं करतात का? तुला मुंबईत तिघांसमोर उभं केलं होतं ते मी, हे मला त्याच क्षणी आठवलं, म्हणून उठून गेले नाही. मी म्हटलं, "माझ्या हातचं आहे."

मागून तुझी आई म्हणाली, "बाई, मोठ्यानं बोला, हितं ऐकाया येत न्हाई."

मग मी मोठ्याने बोलले. मिस एडिथच्या हातचं नाही, कोणत्याच पुस्तकात नाही, पान वाळवीने खाल्लं होतं आणि हे मी लिहिलं, माझ्या हातचं आहे.

तू बाकावर सरकलीस. म्हणालीस, "मग वाजवा."

सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा मी ते लोकांसमोर वाजवलं. दोन ओळी. तुझ्या निम्म्या वेगाने. दुसऱ्या ओळीत करंगळी घसरली आणि एक सूर चुकला, तो सगळ्यांनी ऐकला. पण मागे कडूबाई होती. ती शेजारणीला सांगत होती, "हेच ते, पानी प्यायचं." कुजबुजणं तुझ्या आईला येत नाही, पूर्ण चर्चने ऐकलं.

मी हात काढले. तू ते पाच शांत सूर घेतलेस, एकेक, घाई न करता. पाचवा संपला आणि तू सुटलीस. ते शेवटचं वादळ मी मोबाईलवर ऐकलं होतं, पण शेजारी बसून ऐकणं वेगळं. तुझा दंड माझ्या दंडाला लागत होता. तुला राग आहे, हे मला तिथे कळलं. आठ वर्षांचा, सहा महिन्यांच्या उसाचा, तिघांच्या हसण्याचा, सगळा माझ्यावरचा. एकही सूर चुकला नाही. एवढा राग आणि एवढी स्वच्छ बोटं. मी शिकवलं ते हेच आणि मी बिघडवलं तेही हेच, असं मला वाटत राहिलं. शेवटचे चार ठोके पडले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. मग एका पोरीने वाजवली.

पाणी पिऊन तू मला म्हणालीस, "दुसऱ्या ओळीत चुकलात."

एवढंच बोललीस आणि गेलीस. मला फार राग आला. माझ्याच ओळीत मी चुकले आणि ते तू मला सांगायचं. दोन दिवस तो राग घेऊन बसले आहे. पण असं आहे, की चुकलं तर सांगायचं, तिथल्या तिथे सांगायचं. तू सांगितलंस. मी तुला सांगितलं नव्हतं.

पेपरचा एक वार्ताहर तुला विचारायला आला होता, तुम्हाला शिकवलं कोणी. तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, त्यांनाच विचारा. मी त्याला सांगितलं, शिकवलं मी, आणि खोटंही मीच शिकवलं. आज छापून आलं आहे, त्यात पहिलं अर्धंच आहे. कात्रण पाठवत नाही.

सोबत पाठवते आहे ते ठिगळ. काल ओल्या फडक्याने हळूहळू सोडवलं. मैद्याची खळ इतकी वर्षं कशी टिकली देव जाणे. ठेव, फाडून टाक किंवा वाजव, आता ते तुझ्याकडे असू दे.

वसतिगृहात अश्विनी म्हणून एक पोरगी आहे, दहा वर्षांची, तुझ्यासारखीच पाथर्डीकडची. परवा टाळी तिने वाजवली. खडूच्या पट्ट्यांवर दोन महिने झाले, चार महिने थांबवणार नाही, सोमवारी झाकण उघडते. तिला तुझं मुंबईचं रेकॉर्डिंग रोज ऐकवते. सुरुवात तू जरा घाईत करतेस, तेही तिला सांगते. तिला पुढे लागेल म्हणून पूर्ण छापलेलं पुस्तक पाठव, तू स्वतः बघून.

आज ती पियानोपाशी पुस्तक चाळत होती. सातव्या पानाशी थांबली, भोकातून बोट घातलं आणि विचारलं, बाई, हे काय झालं? मी म्हटलं, वाळवीने खाल्लं.

तुझी,
सत्यशीलाबाई